वरच्या मजल्यावरची बंद खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आम्ही लहान होतो तेव्हा नगरच्या कॅन्टोन्मेंटमधल्या एका बंगल्याची आम्हा मुलांना फार भीती वाटायची. भिंगारकडे सायकलवरून जाताना तो डाव्या हाताला लागे. उतरतं कौलारू छप्पर, पुढं रुंद व्हरांडा, आवारात दोन चिंचा आणि कायम बंद असलेल्या खिडक्या. अमावास्येच्या रात्री तिथं पांढरा झगा घातलेली एक गोरी मड्डम फिरते, असं थोरल्या मुलांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. ती कोण, कुठली, कशानं मेली, हे कुणी विचारायचं नाही. तो बंगला आला की पायडल जोरात मारायचं, एवढंच.

पुढं नोकरीनिमित्त हिंडणं झालं आणि लक्षात आलं की अशी मड्डम एकट्या नगरची नाही. पुण्याच्या कॅम्पात, खडकीला, देवळालीला, जिथं जिथं इंग्रजांची छावणी होती तिथं तिथं एखादा ओसाड बंगला आहे आणि त्यात एक मड्डम आहे. भूत असावं तर गोऱ्या बाईचं, असा जणू छावण्यांचा नियमच.

आज मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे त्यात असाच एक ओसाड बंगला आहे. तो इंग्लंडला लागून असलेल्या वेल्समधला आहे, चित्रपट हॉलिवुडचा आहे आणि तो पडद्यावर आला १९३२ साली. तुम्ही म्हणाल, त्याचा नगरशी काय संबंध? संबंध आहे आणि तो रक्ताचा आहे. मात्र तिथवर पोचायला आधी त्या बंगल्यात शिरायला हवं.

चित्रपटाचं नाव 'द ओल्ड डार्क हाऊस'. म्हणजे जुनं अंधारं घर. जे. बी. प्रिस्टली या इंग्रज लेखकाच्या 'बिनायटेड' या १९२७ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक जेम्स व्हेल. 'फ्रँकेनस्टाइन' हा गाजलेला भयपट त्यांनीच आदल्या वर्षी काढला होता. प्रिस्टली आणि व्हेल हे दोघंही पहिल्या महायुद्धात लढलेले. व्हेल तर जर्मनांच्या कैदेतही होते. खंदकातला चिखल, अंधार आणि पाऊस दोघांनीही भोगला होता. त्यामुळे चित्रपटाच्या सुरुवातीचा पाऊस नुसता देखाव्यासाठी वाटत नाही.

रात्रीची वेळ आहे. डोंगरातल्या रस्त्यावर दरडी कोसळताहेत. एक तरुण जोडपं आणि त्यांचा एक मित्र मोटारीत अडकले आहेत. पुढचा रस्ता बंद, मागचा वाहून गेलेला. समोर एका घरात दिवा दिसतो. ते दार ठोठावतात. दार किलकिलं होतं आणि फटीतून एक चेहरा दिसतो. दाढी वाढलेली, कपाळावर आणि नाकावर व्रण, डोळे खोल गेलेले. हा घरातला नोकर, मॉर्गन. तो मुका आहे. पाहुण्यांच्या बोलण्याला तो घशातून नुसती घरघर करून उत्तर देतो.

आत फेम नावाच्या कुटुंबातला भाऊ आणि त्याची बहीण आहे. भाऊ होरेस काडीसारखा बारीक, सदा घाबरलेला आणि तरीही पाहुण्यांशी कुत्सित सभ्यतेनं बोलणारा. बहीण रिबेका बहिरी आणि कर्मठ. माणसांना आसरा मिळेल, पण बिछाने मिळणार नाहीत, हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलेलं. जेवणात थंड मांस, उकडलेले बटाटे आणि लोणचं. दिवे मधूनमधून मिणमिणतात. आम्ही वीज घरीच तयार करतो आणि ते काम आम्हाला नीटसं जमत नाही, असं होरेस सांगतो. भारनियमनात वर्षं काढलेल्या आपल्या माणसांना या प्रसंगाला भीतीच्या आधी हसूच येईल. व्हेल यांनाही तेच हवं होतं. या चित्रपटात हसता हसता अंगावर काटा येतो आणि काटा आला असताना हसू फुटतं.

भीती वाढत जाते ती पायरीपायरीनं, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारखी. तळमजल्यावर मुका नोकर आहे. तो दारू प्यायला की आवरत नाही, असं सांगितलं जातं. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत अंथरुणाला खिळलेला घराचा एकशे दोन वर्षांचा म्हातारा मालक आहे. त्याचं काम एलस्पेथ डजन या बाईंनी केलं आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव पुरुषाचं म्हणून 'जॉन' असं छापलं. आणि त्याच्याही वर, सगळ्यात वरच्या मजल्यावर, एक खोली आहे. तिला बाहेरून कड्या आहेत. तिच्यात कोण आहे हे घरातलं कुणी सांगत नाही. होरेसला जिन्यावरून दिवा आणायला पाठवावं तर त्याचे पाय लटपटतात.

कोण आहे त्या खोलीत? घरातलाच थोरला भाऊ, सॉल. घरच्यांनीच त्याला कोंडून ठेवलं आहे. तो बाहेर येतो तेव्हा प्रेक्षकाला राक्षस पाहण्याची अपेक्षा असते. समोर येतो तो एक लहानखुरा, दीनवाणा म्हातारा. तो म्हणतो, मी वेडा नाही, यांचं एक पाप मला ठाऊक आहे म्हणून यांनी मला कोंडलं. क्षणभर आपला विश्वास बसतो. मग त्याचे डोळे बदलतात. त्याला घर पेटवायचं असतं. शेवटी या झटापटीत सॉल मरतो आणि ज्याला आपण सबंध चित्रपटभर घाबरलो तो मुका मॉर्गन त्याचं प्रेत हातांवर उचलून, रडत रडत, जिना चढून वर जातो. उजाडतं, पाऊस थांबतो, पाहुणे निघून जातात.

बहात्तर मिनिटांचा एवढाच हा चित्रपट. पण घर, वादळ, दारातला नोकर आणि वरची बंद खोली हा जो साचा त्यानं पक्का केला, तो पुढं जगभर चालला. त्यातल्या तरुण बायकोचं काम करणारी ग्लोरिया स्टुअर्ट तुम्ही पाहिलेली आहे. १९९७ सालच्या 'टायटॅनिक'मधली म्हातारी रोझ ती हीच. चार्ल्स लॉटन या मोठ्या नटाचाही हा पहिलाच हॉलिवुडपट.

आपल्याकडे हा साचा आला तो मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९ साली आला. त्यातही रात्र आहे, जुना वाडा आहे, झुलणारं झुंबर आहे आणि अंधारातून येणारा लता मंगेशकरांचा आवाज आहे. अशोककुमारनं रंगवलेला नायक त्या आवाजामागं वेडा होतो. शेवटी कळतं की मधुबाला भूत नव्हतीच. ती त्या वाड्याच्या माळ्याची मुलगी होती. जितीजागती बाई त्याच घराच्या आवारात राहत होती आणि मालकाच्या लेखी ती असून नसल्यासारखी होती. ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढं लागणार आहे.

आता वळू या दार उघडणाऱ्या त्या मुक्या नोकराकडे. ते काम करणारा नट बोरिस कार्लोफ. आदल्या वर्षी 'फ्रँकेनस्टाइन'मधल्या राक्षसाचं काम करून तो एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला होता. पण चेहऱ्यावर इतका रंग आणि मेण चढवलेलं असे की माणूस ओळखू येऊ नये. म्हणून 'ओल्ड डार्क हाऊस'च्या आरंभी निर्मात्यांनी मुद्दाम एक निवेदन टाकलं. यातला नोकर झालेला कार्लोफ तोच, ज्यानं तो राक्षस उभा केला होता. याबद्दल नंतर वाद नकोत म्हणून आधीच सांगतो, असा त्याचा आशय. नटाची ओळख पटावी म्हणून चित्रपटाला प्रतिज्ञापत्र जोडावं लागावं, असं क्वचितच घडलं असेल.

आणि गंमत पाहा, 'बोरिस कार्लोफ' ही ओळखसुद्धा खरी नव्हती. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, २३ नोव्हेंबर १८८७ चा. नऊ भावंडांत धाकटा. वडील एडवर्ड प्रॅट यांनी हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी म्हणून नोकरी केलेली. ज्या मिठाच्या करासाठी गांधीजी १९३० साली दांडीला चालत गेले, तेच हे खातं. थोरला भाऊ जॉन चीनमधल्या ब्रिटिश वकिलातीत चढत गेला आणि 'सर' झाला. धाकट्यानंही त्याच वाटेनं जावं म्हणून त्याला लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातलं होतं. तो १९०९ साली ते सगळं सोडून कॅनडाला पळाला. शेतावर राबला, ओझी उचलली आणि फिरत्या नाटक कंपनीत शिरला. तिथं त्यानं नवं नाव घेतलं. 'कार्लोफ' हे आपल्या आईकडच्या पूर्वजांचं रशियन वळणाचं आडनाव आहे, असं तो सांगायचा. त्याच्या मुलीनं पुढं स्पष्ट सांगितलं की घराण्यात असा कुणी कार्लोफ नव्हता.

या रशियन आडनावाचा एक उपयोग मात्र होता. विल्यम प्रॅटचा रंग इंग्रजाच्या मानानं सावळा होता, डोळे काळेभोर होते. लंडनच्या प्रॅटला लोक विचारणार, तू असा कसा? रशियन कार्लोफला कुणी विचारणार नाही. हॉलिवुडच्या मूकपटांतही त्याच्या वाट्याला कामं आली ती या रंगामुळंच. कधी अरब, कधी हिंदुस्थानी, कधी एखादा गूढ पुजारी. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस मिळेपर्यंत त्याची चव्वेचाळिशी आली.

हा रंग आला कुठून? त्याचं उत्तर शोधायला आईच्या माहेरी जावं लागतं, आणि ती वाट येते थेट आपल्या नगरला.

कार्लोफच्या आईचं नाव एलायझा सेरा मिलर्ड. तिच्या आईचं, म्हणजे कार्लोफच्या आजीचं, माहेरचं नाव एलायझा ज्युलिया एडवर्ड्स. या आजीला एक सख्खी धाकटी बहीण होती. तिचा जन्म ५ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. नाव ॲन. ही पुढं ॲना लिओनोवेन्स म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. सयामच्या म्हणजे आताच्या थायलंडच्या मोंगकूट राजाच्या बायकांना आणि मुलांना इंग्रजी शिकवणारी ती शिक्षिका. तिच्यावर मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली पुस्तक लिहिलं, १९५१ साली 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक झालं, १९५६ साली त्याच नावाचा चित्रपट आला. ही ॲना म्हणजे भयपटांच्या बादशहाची मावशीआजी.

हे सगळं आज सांगता येतं. दीडशे वर्षांपूर्वी ते सांगायची सोय नव्हती, आणि खुद्द ॲनानंच ते कधी सांगितलं नाही. तिनं लिहून ठेवलं ते वेगळंच. आपला जन्म वेल्समधल्या कार्नारव्हनचा, साल १८३४, माहेरचं आडनाव क्रॉफर्ड, वडील कॅप्टन, ते लढाईत धारातीर्थी पडले. तिच्या मुलांनी हेच खरं मानलं. लँडनबाईंनी हेच छापलं. नाटक आणि चित्रपट याच पायावर उभे राहिले.

पुढं १९७० च्या दशकात ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज गृहस्थ ॲनाच्या मुलाचं, लुईचं, चरित्र लिहायला बसले. मूळचे हे कोळ्यांचे अभ्यासक. कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा. लुईच्या जन्माची नोंद लंडनला सापडेना, त्याच्या आईची वेल्समध्ये सापडेना. जाळ्याचा एकेक धागा धरत ते शेवटी मुंबई इलाख्याच्या दफ्तरापर्यंत आले. कंपनी सरकारच्या काळात इकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या कागदांत वेगळीच ॲना निघाली. ब्रिस्टोंचं पुस्तक १९७६ साली आलं. सूझन मॉर्गन यांनी २००८ साली आणि आल्फ्रेड हाबेगर यांनी २०१४ साली तिची सविस्तर चरित्रं लिहिली. आता चित्र पुष्कळ स्पष्ट आहे.

वडील टॉमस एडवर्ड्स कॅप्टन नव्हते. ते मूळचे लंडनचे सुतार, लाकडी सामान करणारे, आणि कंपनीच्या मुंबई फौजेतल्या सॅपर्स अँड मायनर्स पथकात सार्जंट. १८२९ च्या मार्चमध्ये त्यांचं लग्न ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मेरी ॲन ग्लासकॉट हिच्याशी झालं. ॲनाच्या जन्माआधी तीनेक महिने टॉमस वारले. पदरात एक तान्ही मुलगी, दुसरी पोटात, आणि मुक्काम नगरच्या छावणीत. साध्या सार्जंटच्या विधवेला बराकीत फार दिवस आसरा मिळत नसे. ॲना दोन महिन्यांची असताना, ९ जानेवारी १८३२ रोजी, तिच्या आईनं नगरलाच पॅट्रिक डोनोहू या आयरिश कॉर्पोरलशी दुसरं लग्न केलं.

त्या वेळचं नगर डोळ्यांसमोर आणा. वेलस्लीनं किल्ला घेतला १८०३ साली आणि पेशवाई बुडाली १८१८ ला. म्हणजे इंग्रजी अमलाला पुरती पंधरा वर्षंही झालेली नव्हती. ॲना जन्मली त्याच १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं मांडलं. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत सातारकडच्या नायगावात सावित्रीबाई जन्मल्या होत्या. त्यांनी पुढं याच नगरमध्ये मिस फरार यांच्या संस्थेत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. एका वर्षात जन्मलेल्या दोन मुली. दोघीही शिक्षिका झाल्या, दोघींचीही नावं राहिली. एकीनं आपण कुणाच्या आहोत हे ताठ मानेनं सांगितलं, शेणाचे गोळे झेलून सांगितलं. दुसरीला ते जन्मभर लपवावं लागलं.

का लपवावं लागलं? वडील सुतार होते म्हणून? काही अंशी ते असेल. पण खरं कारण एक पायरी वर आहे. ॲनाच्या आईचे वडील विल्यम ग्लासकॉट हे इंग्रज अधिकारी. १८१० साली इकडं आले, मुंबईच्या देशी पायदळाच्या चौथ्या पलटणीत होते. त्यांचं नाव, हुद्दा, पलटण सगळं कागदावर आहे. त्यांना मुलं झाली, तेही आहे. त्या मुलांची आई कोण, हे कुठंच नाही. ना लग्नाच्या नोंदीत, ना दफनाच्या. कंपनी सरकारचं दफ्तर इतकं चोख की घोड्याच्या नालांचा हिशेब सापडावा, आणि एका अधिकाऱ्याच्या मुलांच्या आईचं नाव सापडू नये? सूझन मॉर्गन यांचा निष्कर्ष असा की ती युरोपीय नव्हती, म्हणूनच तिला नाव नाही. ती इथली होती किंवा इथल्या आईची मुलगी होती.

अशा रक्ताची किंमत काय मोजावी लागे ते कायद्यातच लिहिलेलं होतं. देशी आईच्या मुलांना कंपनीच्या मुलकी आणि लष्करी अधिकारपदांवर घ्यायचं नाही, असा हुकूम १७९१ सालीच निघाला होता. चार वर्षांनी तो आणखी आवळला. फौजेत त्यांनी बासरी वाजवावी, ढोल वाजवावा, घोड्याला नाल ठोकावेत, पण लढवय्ये म्हणून उभं राहू नये. हे नियम पुढं सैल झाले, पण समाजाच्या मनातले झाले नाहीत. रंग ओळखू आला की नोकरी गेली, सोयरीक गेली, पंगतीतली जागा गेली. ॲना मुंबईला भायखळ्याच्या ज्या शाळेत शिकली असं तिचे चरित्रकार सांगतात, ती बाप नसलेल्या, लष्करी माणसांच्या मिश्र रक्ताच्या मुलांसाठीच होती.

थोरली बहीण एलायझा हिचं लग्न १८४५ साली गुजरातेत डीसा इथं झालं. ती पंधरा वर्षांची, नवरा सार्जंट-मेजर जेम्स मिलर्ड अडतीस वर्षांचा. ॲनानं १८४९ च्या नाताळात पुण्याला टॉमस लिओन ओवेन्स या कारकुनाशी आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि दोनतीन वर्षांत ती नवऱ्याबरोबर देश सोडून गेली. आधी ऑस्ट्रेलिया, मग पिनांग. तिथं १८५९ साली नवरा वारला. दोन मुलांना घेऊन ती सिंगापूरला आली आणि तिथं ती नवी बाई झाली. नवऱ्याच्या नावाचे दोन तुकडे जोडून 'लिओनोवेन्स' झालं, सार्जंटचा कॅप्टन झाला, नगरचं कार्नारव्हन झालं. १८६२ साली बँकॉकच्या राजवाड्यात तिनं पाऊल ठेवलं ते वेल्सची सुसंस्कृत इंग्रज बाई म्हणून. नगरच्या बराकीतली मुलगी त्या दारातून आत गेलीच नसती.

पण खोटं एकदा सांगून भागत नाही. ते जपावं लागतं, त्याला पहारा ठेवावा लागतो. हा पहारा ठेवण्यासाठी ॲनानं आपल्या बहिणीशी संबंध तोडले ते कायमचे. नंतर ती अमेरिकेला आणि मग कॅनडाला गेली. हॅलिफॅक्समध्ये १८८७ साली कलाशाळा काढण्यात तिनं पुढाकार घेतला. १८८४ साली तिनं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं, तेही परक्या प्रवासी बाईच्या नजरेनं. १९१५ साली ती माँट्रियलला वारली. शेवटपर्यंत ती वेल्सचीच राहिली.

आता पुन्हा चित्रपटाकडे या. जुनं अंधारं घर कुठं आहे? वेल्समध्ये. वरच्या मजल्यावर कोण कोंडलं आहे? घरातलंच माणूस. का? कारण त्याला घरचं गुपित ठाऊक आहे. दारात पहाऱ्याला कोण आहे? ज्याला बोलता येत नाही तो. आणि त्या पहारेकऱ्याचं काम करतो आहे ॲनाच्या बहिणीचा नातू, जो स्वतः खोट्या नावानं जगतो आहे. प्रिस्टलींना यातलं काही माहीत असण्याचा प्रश्न नव्हता, व्हेल यांनाही नव्हता. हा योगायोग आहे, आणि मी त्याला योगायोगच म्हणतो. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. बंद खोलीची भीती जगभरच्या प्रेक्षकांना चटकन कळते, कारण पुष्कळ घरांत अशी खोली असते. इंग्रजी साम्राज्यात तर ती हजारो घरांत होती. लंडनच्या दिवाणखान्यात हिंदुस्थानातून आणलेला गालिचा असे, पितळी समई असे, भिंतीवर वाघाचं कातडं असे. त्या घरात हिंदुस्थानातून आलेली आजी मात्र नसे.

कार्लोफला या भीतीचा एक धक्का बसला तो पडद्याबाहेर. १९३३ साली तो 'द घूल' या चित्रपटासाठी पुष्कळ वर्षांनी इंग्लंडला परतला. भाऊ मोठमोठे सरकारी अधिकारी, आपण घराण्याला काळिमा लावणारा राक्षस नट, ते आपल्याबरोबर उभे तरी राहतील का, याची त्याला धास्ती होती. छायाचित्राची वेळ आली तेव्हा ते भाऊ पुढच्या जागेसाठी आपसात ढकलाढकली करू लागले, असं तो नंतर मजेनं सांगे. राक्षसाचं सोंग घराण्याला चाललं.

पुढं हॉलिवुडनं त्याच्या मावशीआजीवर चित्रपट काढले. १९४६ साली आयरीन डन आणि १९५६ साली डेबोरा कर, दोघीही गोऱ्यापान नट्या. तिचा नातू त्याच गावात त्याच धंद्यात होता. तोवर तो हॉलिवुडचा जुनाजाणता नट झालेला. २ फेब्रुवारी १९६९ रोजी तो इंग्लंडमध्ये वारला. ब्रिस्टोंच्या पुस्तकाला अजून सात वर्षं होती.

'द ओल्ड डार्क हाऊस'चीही अशीच गत झाली होती. युनिव्हर्सल कंपनीकडचे कादंबरीचे हक्क संपले. दुसऱ्या कंपनीनं १९६३ साली त्याच नावाचा नवा चित्रपट काढला आणि जुना बाजूला पडला. हरवला, असंच लोक धरून चालले होते. कर्टिस हॅरिंग्टन या दिग्दर्शकानं पिच्छा पुरवून १९६८ साली युनिव्हर्सलच्या कोठारातून त्याची निगेटिव्ह शोधून काढली. २०१७ साली स्वच्छ केलेली नवी प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. बंद खोलीतून बाहेर यायला चित्रपटालाही इतकी वर्षं लागली.

आता शेवटचं. नगरनं या ॲनाला आपली म्हणावं का? इंग्रजी विनोदाचा मोठा कलावंत स्पाइक मिलिगन हाही १९१८ साली नगरलाच एका सैनिकाच्या घरी जन्मला. त्यानं ते कधी लपवलं नाही आणि आपण त्याचा अभिमानानं उल्लेख करतो. ॲनानं आपलं नगर नाकारलं. तिचा राग धरायचा का? मला तसं वाटत नाही. ज्या जगात तिला दोन लेकरं वाढवायची होती ते जग तिनं केलेलं नव्हतं. मला तिच्यापेक्षा तिच्या आजीचं वाटतं. कार्लोफची ती खापरपणजी. आपल्याकडच्या उन्हाचा रंग तिच्यापासून निघाला, चार पिढ्या उतरत गेला आणि हॉलिवुडच्या पडद्यावर रशियन म्हणून खपला. 'महल'मधल्या माळ्याच्या मुलीसारखी ती तिथंच होती, जितीजागती. फक्त तिला कुणी मोजलं नाही.

आणि हे इंग्रजांचंच पाप आहे असं समजून आपण मोकळं होऊ नये. आमच्या घरी वाड्याच्या ओसरीवर वंशावळ लावलेली होती. वडाच्या झाडाचं चित्र, पानोपानी नावं, अकरा पिढ्या. लहानपणी ती मला पाठ होती. या विषयाचा अभ्यास करताना एक दिवस ती पुन्हा काढून पाहिली. अकरा पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं. थोरल्या आत्याला विचारलं. तिनं पणजीचं सासरचं नाव सांगितलं. माहेरचं? ते तिला ठाऊक नव्हतं. पणजीच्या सासूचं? आत्या नुसती हसली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांतही नावं सापडतात ती बहुतेक पुरुषांचीच. दहा पिढ्यांतल्या बायका गेल्या कुठं? त्याच, वरच्या मजल्यावर.

भिंगारच्या वाटेवरचा तो बंगला आता राहिलेला नाही. मड्डमेची गोष्टही आताच्या मुलांना कुणी सांगत नाही. पण त्या बाजूनं गेलो की अजून मान वळते. लहानपणी पांढऱ्या झग्यातली बाई दिसेल म्हणून भीती वाटायची. आता वाटतं, तिच्यामागं, स्वयंपाकघराच्या दारात, लुगडं नेसलेली आणखी एक बाई उभी असेल. तिला भूत होण्याइतकंही नाव कुणी दिलं नाही. तुमच्या घरात पणजीचं माहेरचं नाव ठाऊक असलेलं कुणी थोरलं माणूस असेल, तर आज जेवणं झाल्यावर त्यांना तेवढं विचारून घ्या आणि लिहून ठेवा.